एल्क वायोमिंगचा, जंगल सगळ्यांचं

गेल्या आठवड्यात मालवणहून चुलतभावाचा व्हिडिओ आला. काळोखात क्षितिजावर दिव्यांची रांग, म्हणजे आमच्या समुद्रात मासे पकडायला आलेले कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर. खाली प्रश्न: ‘तुमच्या थंय भायल्यांका कसे आवरतत रे?’

तो हे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात राहणाऱ्या माणसाला विचारत होता, म्हणून हसू आलं. एल्क म्हणजे सांबरापेक्षाही थोराड हरीण, आणि त्याच्या शिकारीवरून इथे हाच वाद वर्षानुवर्षं चालतो. मी बंदूक कधी धरलेली नाही. पण शेजारचा म्हातारा दर हंगामात पांढऱ्या कागदात गुंडाळून, वर मार्करने तारीख घालून मटण आणून देतो, आणि मी ते मालवणी मसाल्यात शिजवतो. त्यामुळे बाजू ऐकून घ्यावीच लागते.

स्थानिकाला एल्कचा परवाना पडतो ५७ डॉलरना. बाहेरच्याला सातशेच्या आसपास, तेही सोडतीत नंबर लागला तर. स्थानिक कोण? सलग वर्षभर इथे घर केलेला. याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. उणे तीसच्या थंडीत राहायचं, रस्त्यावर आडव्या आलेल्या हरणाला गाडी ठोकून घ्यायची, कुंपणं मोडून घ्यायची, हे सगळं आमच्याच वाट्याचं. पण ज्या जंगलात शिकार होते त्यातलं बरंचसं केंद्र सरकारचं, म्हणजे फ्लोरिडातल्या करदात्याचंही. जमीन देशाची, जनावर राज्याच्या ताब्यात. शिवाय राज्याच्या शिकार खात्याच्या परवान्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा हेच बाहेरचे भरतात!

अमेरिकन सुप्रीम कोर्टाने यावर दोन निकाल दिले आहेत, ते मालवणात वाचून दाखवावेत असे. साउथ कॅरोलिना कोळंबीच्या बोटीला स्थानिकाकडून २५ डॉलर घेई आणि शेजारच्या जॉर्जियातल्या मच्छीमारांकडून २,५००. १९४८ मध्ये कोर्टाने ते मोडून काढलं, कारण तो पोटापाण्याचा धंदा होता. १९७८ मध्ये मोंटानाचा एल्क आला: स्थानिकाला ९ डॉलर, बाहेरच्याला २२५. कोर्ट म्हणालं, ही हौस आहे, राज्याने हवा तो भाव लावावा.

हा फरक मला पटतो. पटत नाही तो वायोमिंगचा दुसरा नियम. केंद्राच्या संरक्षित निबिड अरण्यात बाहेरच्याने मोठी शिकार करायची तर सोबत गाइड हवाच, किंवा गाइडचा फुकट परवाना काढलेला स्थानिक शिकारी. शेजारच्या कोलोरॅडो राज्यातला माझा मित्र तीस वर्षं शिकार करतोय. त्याच अरण्यात तो एकटा तंबू ठोकू शकतो, मासे पकडू शकतो, अस्वलांमध्ये झोपू शकतो. खांद्यावर बंदूक आली की मात्र वाट चुकेल म्हणे! उद्या मी शिकारीचा परवाना काढला, तर कागदोपत्री मी त्याचा वाटाड्या होऊ शकतो. मला दिशा सूर्य बघूनही कळत नाही. एल्क वाचवण्याशी याचा काही संबंध नाही, गाइड लोकांची दुकानं चालावीत एवढाच हेतू दिसतो.

मालवणात असताना ‘परप्रांतीय ट्रॉलर हटाव’ मीही ओरडलोय. १२ सागरी मैलांच्या आत नियम राज्याचाच चालला पाहिजे, हे आजही म्हणतो. पण मलपीच्या बोटीवरचा खलाशी हौसेने येत नाही, आणि बांगड्याचा थवा रत्नागिरीच्या पर्ससीनने, म्हणजे थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याने, उचलला काय, मलपीच्या ट्रॉलरने उचलला काय, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकराच्या हाती सकाळी खडेच. बंदी इंजिनाच्या ताकदीवर आणि जाळ्याच्या आसावर, म्हणजे भोकाच्या मापावर, घाला, ती रत्नागिरीलाही लागू होईल. नंबरप्लेट बघून घातलेली बंदी आपल्याच पर्ससीनवाल्यांना मोकळं रान देते, आणि ते तशी मागणी सगळ्यात मोठ्या आवाजात का करतात ते कळतं.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं, गाइडच्या नियमासकट. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘म्हणजे मलपीवाल्यान माका बरोबर घेतल्यान तर चलात?’