एकलहऱ्याचा धूर, चंद्रपूरची राख : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाशिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या विजेचा धूर चंद्रपुरातल्या कोळशाच्या वीजकेंद्रातून निघतो, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून, पण मुद्देसूद लिहिलंत. तुमचं म्हणणं असं : नाशिकला स्वतःचं एकलहऱ्याचं औष्णिक वीजकेंद्र आहे, आपला धूर आपणच सोसतो. चंद्रपूरला बदल्यात नोकऱ्या मिळतात. कार्बनला जिल्ह्याची हद्द नसते. आणि कोळसा जाळणाऱ्याचं पाप नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या, वीज फक्त घेणाऱ्या कारखानदाराच्या माथी कशाला?

एकलहऱ्यापासून सुरू करतो, कारण तुमचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे ६३० मेगावॅट. चंद्रपूरला २९२०. पण क्षमतेपेक्षा मोठी गोष्ट आहे मेरिट ऑर्डर. राज्याचं भार प्रेषण केंद्र स्वस्त वीज आधी उचलतं. चंद्रपूर खाणींना लागून आहे. एकलहऱ्याला कोळसा रेल्वेने शेकडो किलोमीटर आणावा लागतो, भाडं चढतं, युनिट महाग होतं. मागणी उतरली की असेच जुने, महाग संच आधी थांबतात. म्हणजे आपला धूर आपण सोसतो, तो थोडासाच. आणि चंद्रपूरची वीज स्वस्त का, तर खाण जवळ आहे म्हणून, आणि तिथल्या लोकांच्या खोकल्याचा खर्च दरात धरलेला नाही म्हणूनही. (एकलहऱ्याला ६६० मेगावॅटचा नवा संच द्या, ही मागणी आपल्याकडे वर्षानुवर्षे होते, तीही रोजगारासाठीच. त्यामुळे नोकऱ्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण नोकरी एकाला लागते, हवा सगळ्या गावाला पुरते.)

ग्रीडमध्ये कुठलं युनिट कुणाचं हे सांगता येत नाही, कबूल. पण त्यासाठी तारेचा माग काढायची गरज नाही. कोण किती विकतो आणि कोण किती घेतो, यावरून हिशेब बसतो. चीनमधल्या प्रांतांचा असा हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंधन जाळून होणाऱ्या उत्सर्जनापैकी ५७ टक्के त्या प्रांताबाहेर खपणाऱ्या मालासाठी होतं, आणि श्रीमंत किनारी प्रांतांचा भार मागास प्रांतांवर पडत होता.

आता हद्दीबद्दल. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो खरंच सगळ्या जगाचा. राख मात्र तिथेच साठते, धूळ तिथेच पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथं होतं. धुरातलं गंधक उतरवणारी यंत्रणा २०१५ च्या निकषांमुळे सगळ्याच केंद्रांना बसवावी लागणार होती. मुदती सरकत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये सरसकट सक्ती उरली ती दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना. चंद्रपूरसारख्या गंभीर प्रदूषित पट्ट्यांचं तज्ज्ञ समिती प्रकरणागणिक ठरवणार, बाकी बहुतेकांना सूट. नाशिक दहा लाखांच्या वर आहे, चंद्रपूर नाही. जास्त माणसं तिथे जास्त काळजी, हे ऐकायला रास्त वाटतं. पण धूर आधीपासून जिथे जास्त, तिथल्यांनी समितीच्या निर्णयाची वाट बघायची!

घेणाऱ्याचा काय संबंध, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही सुटे भाग युरोपला पाठवता, असं तुम्हीच लिहिलंय. १ जानेवारी २०२६ पासून युरोपचा कार्बन सीमाकर प्रत्यक्ष लागू झालाय आणि पोलादाच्या बऱ्याच वस्तू त्यात येतात. तिकडचा आयातदार तुम्हाला विचारणार, पोलाद बनताना किती कार्बन निघाला? तो निघालेला असेल भिलाईत नाहीतर राउरकेल्यात, पैसे मात्र युरोपच्या तिजोरीत जातील. मूळ देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर ती या करातून वजा होते, ही सोय त्यात आहे. तीच किंमत इथे घेऊन भिलाई-चंद्रपूरकडे वळवली, तर तुमच्या खिशाला फारसा फरक पडणार नाही. मी मागतोय ते एवढंच. कारखाना बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा बघा.