डंप हिरवा झाला म्हणून माती बरी झाली असं नाही

गोव्यातल्या खाणींच्या बाजूने एक संदेश मोबाइलवर सतत फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खाणीतून वाहून येणारा गाळ म्हणजे लोहच, आणि ते पिकाला लागतंच. खाणीतल्या टाकाऊ मातीच्या जुन्या ढिगांवर, म्हणजे डंपांवर, रान माजलंय, म्हणजे जमीन सावरली. मुळांतली उपयोगी बुरशी मेलीच असेल, तर मायकोरायझाचं, म्हणजे याच बुरशीचं, पाकीट बाजारात मिळतं.

आधी लोहाचं बघू. पिकाला लोह अगदी थोडं लागतं आणि आपल्या जांभ्या मातीत ते मुळातच भरपूर आहे. तुटवडा असतो तो स्फुरदाचा (फॉस्फरसचा), कारण आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. मूळ आपल्याभोवतीच्या काही मिलिमीटर मातीतला स्फुरद संपवतं आणि अडकतं. तिथून पुढचं काम मायकोरायझाचं. केसाहून कितीतरी बारीक असे तिचे तंतू मुळापासून काही सेंटिमीटर लांब जातात, स्फुरद आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. माड, पोफळ, केळ, मिरी, म्हणजे अख्खं कुळागर (गोव्यातली मिश्र बागायत) या बुरशीशी जोडलेलं आहे. काजूही.

आता डिचोली, सत्तरी, सांगे या खाणींच्या तालुक्यांत पावसाळ्यात काय होतं ते आठवा. एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते, तिचे डंप उभे राहतात आणि पावसात ती खाली उतरते. हा बारीक गाळ मातीतल्या पोकळ्या बुजवतो, वाळल्यावर त्याचा कडक थर बसतो. बुरशीला हवा लागते, ती मिळत नाही. शिवाय आधीच स्फुरद धरणाऱ्या जमिनीत आणखी लोह येऊन पडतं. भातशेतीत तर साचलेल्या पाण्याखाली लोह विरघळतं आणि पानांवर तांबूस ठिपके येतात. याला पोषण म्हणणं शेतकऱ्याची फसवणूक आहे.

डंपावरची हिरवाई बहुतेक ऑस्ट्रेलियन अकेशियाची. त्याच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मिळवून देतात, म्हणून ते उघड्या मुरमावरही तग धरतं. गोवा विद्यापीठातल्या अभ्यासकांना खाणींच्या पडीक जमिनीतल्या झाडांच्या मुळांतही मायकोरायझा सापडली आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. पण थोड्या चिवट जाती टिकल्या म्हणून मूळ रानातला सगळा मेळ परत आला असं होत नाही.

‘बुरशी विष शोषून घेते’ असंही त्या संदेशात जोडलेलं असतं. काही धातू तिच्या तंतूंत अडकतात, खरं आहे. पण धातू कुजत नाही. तो मातीतच राहतो.

राहिलं पाकीट. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. सेंद्रिय कर्ब नसलेल्या, उन्हात तापणाऱ्या डंपावर पाकिटातले बीजाणू टाकले तर ते जगणार कशावर? रोपवाटिकेत रोपाच्या मुळाशी द्या, उपयोग होतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे खणण्याआधी काढलेली वरची माती. ती वेगळी, कमी उंचीच्या ढिगात ठेवून, वर गवत आणि कडधान्य पेरून, लवकरात लवकर परत पसरायला हवी. वर्षानुवर्षे उंच ढिगात पडली तर आतली बुरशी घटत जाते.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. त्यामुळे बंद पडलेल्या खाणी पुन्हा सुरू करताना जमिनीच्या पुनर्वसनाच्या अहवालात नुसता लावलेल्या झाडांचा आकडा नको. मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात, किती मुळांत बुरशी आहे ते मोजता येतं. तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवा.