इतर हक्क

"झाला का रे सुरू?" असं विचारत तलाठीकाकांनी माझ्या टेबलावर कोथिंबिरीची जुडी ठेवली.

नव्हता झाला संगणक सुरू. मधल्या वेळात काका तीन जिने उतरून नाक्यावर गेले, सायबर कॅफेत डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची प्रिंट काढली, भाजीवालीशी दोन रुपयांवरून वाद घातला आणि पुन्हा तीन जिने चढून आले. वय 74, एक गुडघा बदललेला. माझ्या पडद्यावर ते पांढरे ठिपके अजून प्रदक्षिणाच घालत होते.

"प्रिंट लागली की बिनधास्त या" असं मीच सोसायटीभर सांगून ठेवलंय, त्यामुळे बोलायची सोय नाही. शिवाय त्या दिवशी माझी तयारी होती. आदल्याच रात्री मी संगणक झटपट सुरू करून देणारं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. फुकट. त्यानं दोन मिनिटांत 1,187 दोष शोधून काढले. इतके दोष आमच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्येही निघाले नव्हते. त्यातले 15 फुकटात दुरुस्त. उरलेल्या 1,172 साठी 799 रुपये. भरले. का भरले ते विचारू नका. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि अक्षरं लाल होती.

काका मात्र खूश दिसत होते. "एकतीस वर्षं मी लोकांना 'उद्या या' म्हणून परत पाठवलं," ते म्हणाले, "पण इतक्या शांतपणे मला नाही जमलं कधी."

शेवटी एकदाचा डेस्कटॉप उगवला. मी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला (तोही सवडीनं आला) आणि 'स्टार्टअप'वर गेलो. संगणकाबरोबर आपोआप उठणाऱ्यांची यादी तिथे असते. तेवीस नावं. काकांनी खिशातून चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हा तर सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना! मालकाखेरीज जमिनीवर कुणाकुणाचा हक्क नि बोजा, तो!"

"काका, ही प्रोग्रॅमची यादी आहे."

"तेच ते. हे पहिलं कोण?"

"प्रिंटरचं काहीतरी आहे. जुन्या प्रिंटरचं. तो 2019 मध्ये भंगारात दिला."

"मयत. नाव कमी करायला हवं होतं. आणि हा?"

"तो लॉकडाऊनमध्ये चिरंजीवांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतला होता."

"शाळा उघडली ना मग?"

"चिरंजीव आता कॉलेजात आहेत."

"म्हणजे 2020 पासून हा इथे कसतोय!" काकांचा आवाज खाली आला. "लेका, हे कूळ लागलंय तुला. 1 एप्रिल 1957 ला जो जमीन कसत होता, तो कायद्यानं मालक झाला. मूळ मालक बांधावर उभे राहून बघत बसले. तुझंही तेच होणार." त्यांनी बोट पुढच्या रकान्यावर नेलं. "हे हाय, मीडियम, लो काय आहे?"

"सुरू व्हायला कुणामुळे किती उशीर होतो, ते."

"बोजा म्हण ना सरळ. आणि हे नॉट मेजर्ड?"

"म्हणजे मोजलेलं नाही."

"मोजणीच झालेली नाही?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "अर्ज टाकलास का? साधी की तातडीची?"

मी हसायला लागलो, पण ते हसत नव्हते. त्यांचं बोट यादीच्या तळाशी थांबलं होतं. तिथे 'हाय' बोजा घेऊन माझं आदल्या रात्रीचं सॉफ्टवेअर बसलं होतं.

"हा नवीन दिसतोय. फेरफार कुणी मंजूर केला?"

"मीच. काल रात्री. 799 रुपये भरून."

काकांनी चष्मा उतरवला. "पैसे देऊन अतिक्रमण करून घेतलंस?"

यावर मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही, म्हणून हा लेख.

पण खरंच, यांना परवानगी कुणी दिली? वर्षातून दोनदा उघडतो तो पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम रोज सकाळी माझ्याआधी उठून आपली नवी आवृत्ती आली का बघतो. घरात घेताना तळाशी बारीक अक्षरांत एक चौकोन होता म्हणे, 'संगणकासोबत मलाही सुरू करा'. त्यात बरोबरची खूण आधीच केलेली. लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब' आपणच लिहून घेऊन यायचं, तसं. आणि ते 1,172 दोष? बहुतेक रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, जुन्या नोंदी. त्या पुसून संगणक लवकर उठत नाही, आणि असल्या सफाईयंत्रांना खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही, हे भाचीनं मला पैसे भरल्यावर सांगितलं. तिनंच आणखी एक सांगितलं. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, 'शट डाउन' केलं तरी संगणक पुरता बंद होत नाही. आतला गाभा डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तोच पुन्हा उचलतो. सगळं नव्यानं हवं असेल तर 'रीस्टार्ट' करायचं. म्हणजे बंद म्हणजे बंद नाही, आणि पुन्हा सुरू म्हणजे खरं बंद. रोज रात्री इमानानं बंद करून झोपणाऱ्या माणसानं काय समजायचं?

असो. काका एकेका नावावर बोट ठेवून "कमी कर" म्हणत गेले आणि मी राइट क्लिक करून 'डिसेबल' करत गेलो. एकोणीस नावं कमी झाली. अँटिव्हायरसला त्यांनी "हा पोलीस पाटील, राहू दे" म्हणून सोडलं. ते 799 चं सॉफ्टवेअर काढायला गेलो, तर त्यानं रडवेल्या चेहऱ्याचं चित्र दाखवून जाण्याचं कारण विचारलं. पर्याय पाच. येताना एक प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घड्याळ लावलं. नऊ मिनिटांवरून सहा. भाची म्हणते, खरं दुखणं 2016 ची ती मिनिटाला 5,400 फेरे मारणारी हार्ड डिस्क आहे, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसव. हे 799 रुपयांआधी सांगायला तिचं काय जात होतं?

आज सकाळी पुन्हा बेल वाजली. काकांना आता आठ-अ, म्हणजे एकूण जमिनीच्या खात्याचा उतारा, हवाय. हातात गव्हाचा डबा होता.

"तू बटण दाबून ठेव," ते म्हणाले, "मी तोवर दळून आणतो."