परदेशातून : उपदेशकाची ओळख आणि वचन

उपदेश कसा असावा, हा मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधला जुना वाद आहे. नारायण वामन टिळकांच्या अभंगांचा आणि ख्रिस्ती कीर्तनाचा वारसा व्यासपीठावर यावा, असे काहींना वाटते. इतरांना मिशनऱ्यांनी घालून दिलेली चौकटच योग्य वाटते. संस्कृती हा उपदेशाचा केवळ पेहराव आहे आणि आतले देवाचे वचन तिच्यापासून अलिप्त राहते, हे मात्र दोन्ही पक्ष धरून चालतात. अमेरिकेतील मिनेसोटात ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्युथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या प्रोटेस्टंट, मंडळ्यांच्या उपासनेला जाऊ लागल्यापासून मला ते पटेनासे झाले आहे.

येथील बहुतेक मंडळ्या नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनीहून आलेल्यांच्या वंशजांच्या आहेत. त्यांचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, संयत स्वरात बोलतो, स्वतःविषयी फारसे सांगत नाही, आणि हीच ल्युथरन उपदेशाची मूळ रीत समजली जाते. कृष्णवर्णीय पाळक बोलू लागला की मात्र लोकांना ‘संस्कृती’ आठवते. वास्तविक यांच्याच पूर्वजांचे उपदेश दीर्घकाळ नॉर्वेजियन आणि जर्मन भाषेत होत असत, आणि शेजारच्या आयोवात १९१८ मध्ये राज्यपालांनी सार्वजनिक उपासनेतही इंग्रजीखेरीज अन्य भाषांना मनाई केली, तेव्हा त्यांच्यासारख्यांनाच परके ठरवण्यात आले होते.

ल्युथरन उपदेशाचा कणा म्हणजे नियमशास्त्र आणि शुभवर्तमान यांतील भेद. नियमशास्त्र ऐकणाऱ्याचे पाप उघडे करते, शुभवर्तमान त्याला क्षमा देते, आणि हे वचन उपदेशकाच्या मनात न उगवता बाहेरून येते, अशी श्रद्धा आहे. ती मीही मानतो. तथापि पाप कोणत्या रूपात दाखवायचे, हे उपदेशक ठरवतो आणि तेथे त्याचे सारे जगणे बोलते. सुस्थित समाजातल्या उपदेशकाला गर्व हेच मुख्य पाप दिसते, म्हणून तो नम्र होण्यास सांगतो. पण ज्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालायला लावली गेली, त्या दलित श्रोत्याला त्याच शब्दांत जुना अपमान पुन्हा ऐकू येतो. भारतातील ल्युथरन मंडळ्यांत दलित आणि आदिवासींची संख्या मोठी आहे, हे लक्षात घेतले की चेन्नईच्या गुरुकुल ल्युथरन महाविद्यालयात दलित धर्मचिंतनाला एवढे महत्त्व का मिळाले, ते कळते.

इथिओपियाच्या मेकाने येसुस या ल्युथरन मंडळीने १९७२ मध्ये पाश्चात्त्य ल्युथरनांना पत्र लिहून सुवार्ताप्रसार आणि मानवी विकास यांची फारकत करण्यास हरकत घेतली. माणसाचे शरीर आणि आत्मा वेगळे काढणे ही पश्चिमेची सवय आहे, हे त्या मंडळीला आपल्या भूमीवरूनच स्पष्ट दिसले.

यात धोकाही आहे. उपदेशक आपल्याच लोकांना रुचेल तेवढेच सांगू लागला, तर वचन बाहेरून येत नाही. म्हणूनच ल्युथरन जागतिक संघाच्या १९९६ च्या नैरोबी निवेदनाने उपासना स्थानिक संस्कृतीशी जोडलेली असावी, तशीच त्या संस्कृतीला प्रश्न विचारणारीही असावी, असे दोन्ही म्हटले.

त्यामुळे कीर्तन की चौकट, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ल्युथरनांची श्रद्धा मांडणाऱ्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या सातव्या कलमाने मानवी परंपरा सर्वत्र सारख्या असण्याची गरज नाही असे १५३० मध्येच म्हटले आहे, तेव्हा कीर्तनाला आक्षेप घेण्याचे कारण उरत नाही. पण कीर्तनकार कोणत्या घरातून आला आहे आणि त्याचे नियमशास्त्र समोरच्यांपैकी नेमके कोणाला लागते, हे आपल्या पाळक-प्रशिक्षणात प्रत्येक उपदेशाच्या तयारीवेळी उघडपणे विचारले जावे, एवढी माझी आग्रहाची मागणी आहे.