समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही सांगा

गोव्यात राजभाषेचा विषय पुन्हा तापला की त्याची धग इंग्लंडात स्विंडनला राहणाऱ्या गोवेकरांच्या फोनपर्यंत पोचते. 1987च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठी वापरण्याची तरतूद झाली. तेव्हापासून ‘मराठीही राजभाषा हवी’ आणि ‘कोंकणी एकटीच हवी’ या दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ आहेत, ऐकणाऱ्यालाही. याच माणसांना विचारा, हिंदू तत्त्वज्ञानाचा आजच्या साध्या वाचकाला काय उपयोग? उत्तर येतं: ब्रह्म, माया, मनःशांती. मला वाटतं, त्याहून आधी हाताशी धरावी अशी गोष्ट न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात आहे. भांडावं कसं, हे ते शिकवतं.

न्यायसूत्रांत, म्हणजे या दर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. दोघांनाही खरं काय ते हवं असेल तर तो वाद. जिंकायचं असेल तर जल्प. स्वतःची बाजू न मांडता नुसती दुसऱ्याची मोडायची असेल तर वितंडा. आपण मात्र ‘वितंडवाद’ असा एकच शब्द करून टाकला आणि ‘वाद’ या चांगल्या शब्दाला भांडणाचा अर्थ चिकटवला. जल्प-वितंडा शास्त्राने टाकून दिलेल्या नाहीत. रोपाभोवती काटेरी फांद्यांची वई घालतात तशी त्यांची गरज असते, असं सूत्रच सांगतं. पण वई म्हणजे पीक नव्हे.

हरण्याच्या जागा, म्हणजे निग्रहस्थानं, 22 सांगितली आहेत. त्यातली तीन तरी प्रत्येक गोवेकराने पाठ करावीत. पहिलं अननुभाषण: समोरच्याने आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी तुम्हाला ते परत म्हणून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. खोडून काढणं दूरच, आधी म्हणून दाखवा. दुसरं अविज्ञातार्थ: तुम्ही तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला कळलं नाही, तर दोष तुमच्या बोलण्याचा. तिसरं मतानुज्ञा: माझ्या बाजूत दोष दाखवलात, मग तुमच्यातही आहे की! असं म्हणणारा आपला दोष कबूल करून बसतो. आपल्या ग्रुपवरच्या निम्म्या चर्चा या तिसऱ्या खड्ड्यात संपतात.

आता राजभाषेचाच दावा न्यायाच्या पाच पायऱ्यांवर ठेवून बघू. जुना दाखला धुराचा: डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे आग, जशी चुलीपाशी, इथेही तसाच धूर, म्हणून आग आहे. चूक बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर, उदाहरणात, उघडी पडते. कारण तिथे सर्वसाधारण नियम बोलून दाखवावा लागतो.

मराठीवाला म्हणतो, मराठी राजभाषा हवी, कारण आमची आरती, भजन, कीर्तन मराठीत. नियम बोलून बघा: जी पूजेची भाषा, ती राज्याची. मग संस्कृतही आली आणि चर्चमधली जुनी लॅटिनही. कोंकणीवाला म्हणतो, कोंकणी एकटीच हवी, कारण घरात तीच बोलतात. नियम: घरात बोलतात तीच राजभाषा. पण नागालँडची राजभाषा इंग्रजी आहे. दोन्ही कारणं सव्यभिचारी, म्हणजे साध्य (जे सिद्ध करायचं ते) असो-नसो, सगळीकडे भटकणारी. यावरून दोन्ही मागण्या खोट्या ठरत नाहीत. कारणं मात्र बदलावी लागतील: माणूस मामलेदाराकडे अर्ज कोणत्या भाषेत लिहितो, मुलं कोणत्या शाळेत शिकतात, जमिनीचे जुने कागद कोणत्या भाषेत आहेत. तिथे आकडे काढता येतात, तपासता येतात.

परदेशात दुखणं उलटं आहे. इथे भांडण टाळायला ‘सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात’ म्हणतात आणि मुलांना ‘हिंदू मानतात की सगळं एकच’ असं शिकवतात. गोव्यातून आलेल्या मुलाला असं सांगणं मला चुकीचं वाटतं. फोंड्याजवळच्या कवळे मठाची परंपरा गौडपादाचार्यांच्या नावाची, अद्वैताची: जीव आणि ब्रह्म एकच. काणकोणातल्या पर्तगाळ मठाची परंपरा मध्वांची, द्वैताची. तिथे जीव-ईश्वर, जीव-जीव, जीव-जड, ईश्वर-जड, जड-जड असे पाच भेद खरे आणि कायमचे. दोघांचं म्हणणं एकाच वेळी बरोबर असू शकत नाही, आणि तरीही एकाच सारस्वत समाजात दोन्ही मठांचे अनुयायी शेजारी नांदतात. मुलाला कळायला हवं ते हे.

इंग्लंडातल्या शाळेत या मुलाला एक गोष्ट चांगली मिळते. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत धर्म हा विषय घेतला, तर एका मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत 12 गुणांचा प्रश्न असतो: विधान दिलेलं, बाजूने लिही, विरुद्ध लिही, मग कारणं देऊन निर्णय दे. आधी समोरच्याची बाजू, मग तिला उत्तर: आपल्या शास्त्रातले पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षच ते. उणीव एकच: कागदावरचा प्रतिपक्षी ‘मी असं म्हटलं नव्हतं’ असं ओरडू शकत नाही. गोव्यात तो समोर बसलेला असतो, पण त्याला कोणी ऐकत नाही.

रविवारच्या बालवर्गात स्तोत्रं होतातच. त्यानंतर अर्धा तास असा काढावा. विषय एकच, आणि तो एका वाक्यात. पहिला पाच मिनिटांत प्रतिज्ञा (म्हणजे आपला दावा), कारण आणि उदाहरण सांगेल. दुसरा त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगेल, आणि पहिल्याने ‘हो, हेच’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथे नेहमी एक गडबड होते: दुसरा सांगता सांगताच ‘पण’ घालतो. ‘पण’ आला की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदाही जमलं नाही, तर त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. विषय पुढच्या रविवारी, बाजू बदलून.