लढला नाही तर माजी सैनिक कसा? सुभेदार साहेबांच्या कमेंटला उत्तर

सुभेदार साहेब, नमस्कार. उत्तराला उशीर झाला, राग नसावा. भुईमूग उपटून पडलाय, शेंगा तोडायला बायका मिळेनात, रात्री फोन हातात घेतला की डोळेच मिटतात.

१ ऑक्टोबरला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा जन्मदिवस म्हणून मी त्यांच्यावर लेख लिहिला, त्यात त्यांना लढवय्या माजी सैनिक आणि फॅमिली मॅन म्हणलं, त्यावर तुम्ही चांगलंच झापलंय मला. तुमचं म्हणणं असं की सात वर्षं नेव्हीत काढून एकही लढाई न बघितलेल्या माणसाला मी 'लढवय्या' म्हणले, इराणमधल्या ओलिसांचं प्रकरण एका ओळीत गुंडाळलं, नारू (पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग) घालवल्याचं श्रेय गोऱ्याला दिलं, आणि शेवटी, "राजकारणी माणूस कसला फॅमिली मॅन, त्याच्या बायकोला विचारा." खरं सांगू का, ही शेवटचीच ओळ लागली मला, बाकीच्यावर मी लगेच उत्तर टाईप करणार होते.

'लढवय्या' शब्द काढलाय. चूक माझी. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ते ॲनापोलिसला नेव्हल ॲकॅडमीत शिकत होते, १९४६ ला बाहेर पडले, पुढं पाणबुडीवर गेले आणि मग अणुपाणबुडीच्या कामावर. गोळी झाडली नाही हे खरंच. पण माजी सैनिक मात्र मी म्हणणारच. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हरला अणुभट्टीचा अपघात झाला, ती उघडायला जी टीम गेली तिचे हे २८ वर्षांचे प्रमुख. आत रेडिएशन एवढं की एका माणसाला दीड मिनिटाच्या वर थांबता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या टेनिस कोर्टावर तश्शीच नकली भट्टी उभी केली, कोण आत जाणार, कुठला बोल्ट फिरवणार याची आधी रंगीत तालीम, मग पळत आत, एकदोन बोल्ट फिरवले की पळत बाहेर. ते स्वतःही उतरले, आणि पुढं सहा महिने लघवीत रेडिएशन दिसत होतं असं त्यांनीच सांगितलंय. आता ह्याला ड्यूटी म्हणायचं का नाही ते तुम्हीच ठरवा, चोवीस वर्षांची सर्व्हिस तुमची, माझी नाही.

इराणबद्दल वाद घालत नाही. कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना तिथल्या अमेरिकन वकिलातीतली ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस होती, सोडवायला गेलेल्यांपैकी ८ जवान वाळवंटात जिवानिशी गेले, त्या आठांच्या घरी तेव्हा काय झालं असेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एका ओळीत उरकायला नको होतं.

नारूचंही तुमचं बरोबर, पण अर्धं. आपला नारूचा कार्यक्रम १९८३-८४ चा, शेवटचा पेशंट १९९६ ला राजस्थानात, घाम आपल्याच आरोग्यवाल्यांचा. कार्टर सेंटर, म्हणजे कार्टरांची संस्था, त्यात पडलं १९८६ पासून, आफ्रिकेत मुख्यतः, तेव्हा जगात वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना व्हायचा, आता वर्षाला वीसच्या आत. माझी आजी सांगायची, पायातून दोऱ्यासारखा नारू बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळत रोज इंचभर ओढायचा, तुटला की माणूस महिनाभर खाटेवर. बारवेत उतरून पाणी भरणाऱ्यांचा रोग हा, दुष्काळी शेतकऱ्याचा. म्हणून मला ते काम जवळचं वाटतं, एवढंच. (आणि "आपला काय संबंध" विचारलंत म्हणून सांगते, त्यांची आई लिलियन, नर्स, १९६६ ला वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून (परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकन सरकारची योजना) आली ती आपल्या विक्रोळीत, जवळजवळ दोन वर्षं राहिली. ६८ व्या वर्षी! आमच्याकडं त्या वयात बायका सुनेकडं चहा मागतात.)

आता बायकोचं. विचारा म्हणालात ना, तर तिनं सांगितलेलं आहे.

१९५३ ला कार्टरांचे वडील कॅन्सरनं गेले. जॉर्जियातलं प्लेन्स नावाचं बारकं गाव, शेंगांचा मुलूख, लहानपणी घरात लाईट नव्हती, हे पोरगं उकडलेल्या शेंगांच्या पुड्या गावात विकायचं. तर वडिलांच्या शेवटच्या दिवसांत दाराशी जी माणसं येत होती, कुणाला बी दिलेलं, कुणाची उधारी सोडलेली, ते बघून ह्यांनी ठरवून टाकलं, नेव्ही सोडायची, गावी जायचं. बायकोला विचारलं नाही. सांगितलं फक्त. रोझलिन सात वर्षं बंदराबंदरानं संसार करून मोकळी झालेली, तिला सासू आणि आई दोघी असलेल्या गावात परत जायचं नव्हतं, ती एवढी भडकली की गाडीत अख्ख्या प्रवासात नवऱ्याशी बोलली नाही, काही हवं असलं की पोराला म्हणायची, जॅक, तुझ्या वडिलांना सांग गाडी थांबवायला. आणि पहिल्याच वर्षी दुष्काळ! गरिबांसाठीच्या सरकारी घरात राहून दिवस काढले, हिशेबाच्या वह्या मग तिनंच हातात घेतल्या, शेंगांचा धंदा उभा राहिला तो दोघांच्या जिवावर.

हे मी लेखात नीट लिहिलं नव्हतं कारण लिहिताना मला आमचं घर दिसत होतं. आजोबा गेले तेव्हा बापानं पिंपरीतली कंपनीची नोकरी सोडली, ट्रक ठरवला, मग आईला सांगितलं. आई महिनाभर माझ्यामार्फत बोलायची, "तुझ्या बापाला म्हणावं ताट वाढलंय." मी आठ वर्षांची, मला तो खेळ वाटायचा. तीस वर्षं झाली, बाप आजही म्हणतो, विचारायचं काय त्यात, आपलंच तर रान.

कार्टर तसं म्हणाले नाहीत. म्हातारपणी जाहीर बोलले की मी तिला विचारलंच नाही, आज त्याचं मलाच नवल वाटतं. लग्न ७७ वर्षं टिकलं म्हणून मी फॅमिली मॅन लिहिलं नव्हतं साहेब, या कबुलीमुळं लिहिलं. नोव्हेंबर २०२३ ला ती गेली, तेव्हा ते स्वतः नऊ महिने घरीच हॉस्पिसवर, म्हणजे शेवटच्या दिवसांच्या शुश्रूषेत, तरी व्हीलचेअरवर आडवं पडून, पायावर तिच्या फोटोचं पांघरूण घेऊन तिच्या श्रद्धांजली सभेला आले. डिसेंबर २०२४ ला तेही गेले, शंभरी पूर्ण करून. दोघं प्लेन्समध्येच आहेत, घराच्या आवारात.

तुम्ही कमेंटच्या शेवटी लिहिलंय की पेन्शन आली आणि दुसऱ्या दिवशी गावाकडं निघालो, आता ऊस आणि म्हशी. वाचून बरं वाटलं. काकूंना विचारलं होतं का निघताना? उत्तर तुम्ही नका देऊ, फोन त्यांच्याकडं द्या.