६३ किलो कमी केलेल्या बाईचं उत्तर

गेल्या महिन्यात धाकट्या भाऊजींनी घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला आणि खाली लिहिलं, "वहिनी, खास तुमच्यासाठी." दोन दिवसांत तोच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेतल्या मैत्रिणींकडून आला. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात सांगायचं तर तो असा: वजन हे साधं गणित आहे, रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला अर्धा किलो जाणारच. गेलेलं वजन परत आलं तर दोष मनोनिग्रहाचा. रोज सकाळी काट्यावर उभे राहा, प्रत्येक घास लिहून ठेवा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की तुम्ही आजारी. आजीच्या काळात कुणी जाड नव्हतं. आणि 'डाएटचा कंटाळा आला' ही निव्वळ सबब आहे.

उत्तर देण्याआधी माझी पात्रता सांगते. वय ५४, उंची पाच फूट दोन इंच, पहिलं डाएट १९८८ साली, बारावीत असताना. मिरज स्टेशनवर रंगीत दिवे लुकलुकणारं वजनाचं मशीन होतं. नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट खाली पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझ्या तिकिटावर ५६ होतं. भविष्य वाचायचं राहूनच गेलं, कारण आत्यानं तिकीट हातातून घेतलं आणि म्हणाली, "स्थळं बघायला लागायच्या आत चार-पाच किलो उतरव गं." तेव्हापासून भात सोडणं, नुसतं कोबीचं सूप, कीटो, दर दोन तासांनी थोडं थोडं, दिवसातून दोनदाच आणि तेही पंचावन्न मिनिटांत, सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध, सगळं करून झालं. वह्या जपून ठेवल्यात. परवा बेरीज केली. ३७ वर्षांत मी एकूण ६३ किलो वजन कमी केलंय. म्हणजे एक अख्खी बाई घालवली आणि तिला परत घरी आणली, येताना ती १८ किलोंचं सामान घेऊन आली. शेवटचं बघितलं तेव्हा काटा ७४ वर होता.

तर आता एकेक मुद्दा.

'साधं गणित.' गणितच करू. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे वर्षाला २६ आणि दोन वर्षांत ५२. या हिशेबानं दोन वर्षांनी मी २२ किलोंची होईन, म्हणजे दुसरीतल्या मुलीएवढी. मजकूर लिहिणाऱ्यानं हे एवढं तरी करून बघायला हवं होतं. हा हिशेब येतो १९५८ सालातून. मॅक्स विशनॉफ्स्की नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं एक पौंड, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो, चरबी म्हणजे सुमारे ३,५०० कॅलरी असं मांडलं. चरबीपुरतं ते ठीक आहे. पण माणूस म्हणजे तुपाचा डबा नव्हे, की रोज एक चमचा काढला की तेवढाच कमी होत जाईल. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो आणि भूक वाढते. अमेरिकेतल्या केविन हॉल या संशोधकाच्या गटानं २०१६ साली याचे आकडेच काढले. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि खाण्याची ओढ मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या बाईला रोज किती रेटा सोसावा लागत असेल, ते तुम्हीच काढा. ऊर्जेचा नियम खोटा नाही, हे मला मान्य आहे. पण त्या गणितातला एकही आकडा जागेवर थांबत नाही. त्याला साधं म्हणू नका.

'मनोनिग्रह कमी पडला.' याच हॉलचा आणखी एक अभ्यास आहे, तोही २०१६ चा. अमेरिकेत वजन उतरवण्याची स्पर्धा टीव्हीवर चालायची. त्यातल्या १४ स्पर्धकांनी ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो वजन कमी केलं होतं. रोज कित्येक तास घाम गाळणारी, अख्ख्या देशासमोर काट्यावर उभी राहणारी ही माणसं. त्यांना निग्रह नव्हता असं भाऊजीसुद्धा म्हणणार नाहीत. सहा वर्षांनी बघितलं तर सरासरी ४१ किलो परत आले होते. आणि त्या वजनाच्या माणसाचं शरीर बसल्याजागी जेवढी ऊर्जा जाळायला हवं, त्यापेक्षा त्यांचं शरीर रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही! ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासातही हेच दिसलं: दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेलीच होती.

याहून सोपा पुरावा हवा असेल तर ती आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं बघा, जी २०२५ मध्ये आपल्याकडेही आली. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. सुई घेतली की मन खंबीर होतं आणि सोडली की ढिलं पडतं, असं आहे का? ती सुई चारित्र्य सुधारत नाही हो, भूक कमी करते. मला ती घ्यायची की नाही हा वेगळा प्रश्न. पण चार दशकं ज्याला आपण निग्रह म्हणत आलो त्यात भुकेचा वाटा किती होता, हे तिनं उघड केलं.

एक गोष्ट इथे दडवायची नाही. वजन टिकतच नाही असंही नाही. मधुमेह असलेल्या पाच हजारांवर लोकांचा लूक अहेड नावाचा अभ्यास झाला, त्यात ज्या गटाला भरपूर मदत दिली त्यातल्या साधारण निम्म्या लोकांनी आठ वर्षांनीही किमान पाच टक्के घट राखली होती. त्यांच्यामागे वर्षानुवर्षं आहारतज्ज्ञ, समुपदेशक, ठरलेल्या भेटी होत्या. माझ्यामागे वही होती आणि आत्या.

'प्रत्येक घास लिहा.' हा मुद्दा मला थोडा अडचणीचा आहे. १९९२ मध्ये काही लोकांना तपासलं, जे म्हणत होते आम्ही फार कमी खातो तरी वजन हलत नाही. ते सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट खात होते. खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. वाचून मला घाम फुटला, कारण त्या ओळीत मीही बसते. पण यातून 'अजून नीट लिहा' हा उपदेश निघत नाही. मोजणं मुळातच कच्चं आहे, एवढंच निघतं. बदामाचंच बघा. मूठभर बदामांच्या वेष्टनावर १७० च्या आसपास कॅलरी छापलेल्या असतात; अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना खायला घालून मोजलं तर अंगी लागल्या १२९.

बदाम तरी मोजता येतात. आमटी कशी मोजायची? पाच माणसांची आमटी, फोडणीचं तेल पळीनं अंदाजे, वर कोकम, गूळ हाताला येईल तेवढा. ॲप विचारतं, एक कटोरी का? कुणाची कटोरी? सासूबाईंच्या जुन्या पितळी वाटीत हल्लीच्या दोन वाट्या बसतात. थालीपीठ मी तीन वर्षं 'मिक्स्ड ग्रेन पॅनकेक' म्हणून नोंदवत होते. भरल्या वांग्याला काय म्हणायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही, म्हणून भरली वांगी करणंच कमी झालं. हे मला फार उशिरा लक्षात आलं. ॲपमध्ये जे सापडत नाही ते माझ्या स्वयंपाकघरातून जायला लागलं होतं, आणि पाकिटातली बिस्किटं राहिली, कारण त्यांच्यावर बारकोड असतो.

रोजच्या काट्याचं तर विचारू नका. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं, पाळीची तारीख जवळ आली, की किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं. ते पाणी असतं. भात-पोळी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं तेही बरंचसं पाणीच. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर आपल्या तिप्पट पाणी धरून असते, साखर संपली की पाणीही जातं. हे मला माहीत होतं, पाठ होतं. तरी सहा वाजून दहा मिनिटांनी तो काटा ठरवायचा, की आज मी मुलाशी नीट बोलणार की नाही.

'बीएमआय २३ च्या वर म्हणजे आजारी.' वजन भागिले उंचीचा वर्ग, हे सूत्र आदोल्फ केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. त्याला लोकसंख्येची सरासरी मांडायची होती, एकेका माणसाची तब्येत तपासायची नव्हती. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव मिळालं थेट १९७२ मध्ये, अँसल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाकडून. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

या आकड्याची गंमत आपल्या पुण्यानंच जगाला दाखवली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणजे दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, हा आपल्याकडचा नमुना. म्हणून भारतीयांसाठी २३ ची रेषा आखली, ती उगाच नाही, आणि मी तिला हसत नाही. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी मधुमेह आहे. पण त्याच फोटोचा दुसरा अर्थ असा, की काट्यावर हलका दिसणारा सुटला असं नाही आणि जड दिसणारा मेला असंही नाही.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास मला कुणी तिशीत सांगायला हवा होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५३१ लोक, तीन वर्षं. ज्यांनी चालणं आणि खाण्यातले बदल सांभाळले त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी निघालं. आणि त्यांचं सरासरी वजन? उतरलंच नव्हतं. मी मात्र दर वेळी काटा हलेना की चालणंही सोडून द्यायचे, 'उपयोग काय' म्हणून.

'आजीच्या काळात कुणी जाड नव्हतं.' आजी सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर, उरलं तर जेवायची. पुढे.

'कंटाळा ही सबब आहे.' आता या वाक्यापाशी जरा थांबते, कारण राग याच वाक्याचा आलाय.

कंटाळा काकडीचा नाही. काकडी मला आवडते. डोक्यात एक कारकून बसलेला असतो, त्याचा कंटाळा आहे. हळदीकुंकवाला हातावर तिळाची वडी पडली की तो वही उघडतो. बारशाला पंगतीत बसलं की पुरी कुणाच्या पानात सरकवायची ते शोधतो. एकादशीला उपास करावा तर साबुदाणा, 'एकादशी दुप्पट खाशी' हे वाक्य तो माझ्या कानात म्हणतो. बहिणीच्या लग्नाचा अल्बम बघताना मला तिची साडी दिसत नाही, ५९ दिसतं. मुलाच्या मुंजीत मी काय बोलले आठवत नाही, तेव्हा भात बंद होता हे आठवतं.

२०१६ च्या गणपतीत आईनं उकडीचे मोदक केले. हात थरथरत होते, कळ्या नीट पडत नव्हत्या. मी एक खाल्ला, तूप न घेता. वहीत तसंच लिहिलंय: 'मोदक १, तूप नाही', आणि पुढे बरोबरची खूण. पुढच्या गणपतीला आई नव्हती. त्या आठवड्यात वजन ४०० ग्रॅमनं वाढलं होतं, तेही लिहिलंय.

हा कारकून आपल्या स्वभावातून येतो असं मी धरून चालले होते. मग कीज भेटले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, त्यांनी मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेली, तत्त्वासाठी उपाशी राहायला आपणहून आलेली ही मुलं. निग्रहात कुणाला हार न जाणारी. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी दिल्या. वजन पाव हिश्श्यानं उतरलं. पण त्याआधीच ती जेवणाशिवाय कशावर बोलेनाशी झाली. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, ताटल्या चाटायला लागली, चिडचिडी, उदास झाली. पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांचं पोट भरेना. खाण्याचा ध्यास त्यांच्या स्वभावात नव्हता, तो उपासमारीनं आणला.

कीज यांनी या प्रयोगाला उपासमार म्हटलं. मला एका जिममध्ये दिलेल्या तक्त्यावर १,२०० लिहिलं होतं, आणि वर गुलाबी अक्षरात 'हेल्दी यू'. तुलना काटेकोर नाही, ते तरुण पुरुष होते, आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचे, बाईला लागतंच कमी. तरीही. त्यांचे सहा महिने होते, माझी ३७ वर्षं, आणि त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही.

मी काय करते आता, असं मैत्रिणी विचारतात. रोज पाऊण तास चालते. वर्षातून दोनदा साखर आणि हिमोग्लोबिन तपासते; डॉक्टरीणबाईंना म्हटलंय, वजन घ्यायचंच असेल तर घ्या, आकडा मला सांगू नका. भरली वांगी परत सुरू झालीत. कारकून गेलेला नाही, पण त्याची बदली झाल्यासारखी वाटते, अधूनमधून येऊन बसतो.

काटा माळ्यावर आहे. दिवाळीच्या आधी एकदा खाली येतो, मुलीला परदेशी फराळ पाठवायचा असतो तेव्हा. खोकं मोठं, थेट काट्यावर ठेवलं की आकडा झाकला जातो. मग एक जण नुसता उभा राहतो, नंतर खोकं घेऊन उभा राहतो, आणि वजाबाकी करायची. इतकी वर्षं तो एक जण मी होते. यंदा भाऊजी आले होते, त्यांनाच उभं केलं. चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू मिळून ६ किलो २०० भरले. त्यांचा आकडा मी ग्रुपवर टाकलेला नाही.